केटल घ्या, पण चहा पातेल्यातच करा

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पलीकडच्या एका गावातून ताईंचं पत्र आलंय. पत्र चांगलं लांब आहे, त्यातली गोष्ट अशी. घरात सहा माणसं. सासरे पहाटे गोठ्यात जायच्या आधी तांब्याभर गरम पाणी पितात. सासूबाईंना कफाचा त्रास, त्यामुळं दिवसभर पाणी गरमच लागतं. चहा तीन वेळा, पाहुणे आले तर वेगळा. ताईंचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडचं. तिकडं भावजयीनं इलेक्ट्रिक केटल घेतलीय आणि बटन दाबलं की चार-पाच मिनिटांत पाणी उकळतं, हे बघून आल्यापासून यांच्याही मनात ते बसलंय. नवरा म्हणतो, लाईटबिल वाढेल. सासूबाई म्हणतात, "गॅस हाय की घरात, आनि ते कशाला?" थोरली मुलगी यंदा पीयूसीसाठी (म्हणजे अकरावी-बारावीसाठी) बेळगावात हॉस्टेलवर राहणार, तिलाही एक घेऊन द्यावी का हा दुसरा प्रश्न. आणि अगदी शेवटी, समासात: "मला उठायचा कंटाळा म्हणून मागते असं घरात वाटतंय. खरंच तसं आहे का?"

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते. केटल घ्या. मात्र चहा करायला म्हणून घेणार असाल तर पैसे ठेवा बाजूला, दिवाळीला दुसरं काहीतरी येईल.

आपला चहा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पाण्यात साखर, पावडर, ठेचलेलं आलं, मग दूध, आणि वर येईपर्यंत उकळी. बेळगावात हॉटेलात बसून 'बाय टू', म्हणजे एक चहा दोघांत, सांगणारी माणसं आपण. त्या अर्ध्या कपातसुद्धा चहा उकळलेलाच लागतो. केटलमध्ये यातलं काहीही करायचं नसतं. तिच्यात फक्त पाणी उकळतं. गरम पाण्यात पुडी बुडवून वरून दूध घातलेला रेल्वेतला डिप चहा तुमच्या सासऱ्यांपुढं ठेवला, तर ते पितील, काही बोलणार नाहीत, आणि गोठ्यातून आल्यावर पुन्हा चहा मागतील.

दूध घालून बघू नका, हे मुद्दाम सांगते, कारण घेतल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी हे करतंच. बेळगावात टिळकवाडीत माझ्या शेजारी झालं. केटलचा तळ पाण्याच्या बेतानं फार जोरात तापतो. दूध त्या तळाला चिकटतं, आधी पिवळा, मग तांबूस थर धरतं, आणि त्या थराखाली तळ आणखी तापत जातो. दुसरीकडं वर साय येते, फेस झाकणाला लागतो आणि तोटीतून बाहेर पडून खालच्या बैठकीवर उतरतो, जिथं विजेची जोडणी असते. शेजारणीची केटल त्या दिवशी वाचली, पण नंतर कितीतरी दिवस तिच्यातल्या पाण्याला करपलेल्या दुधाचा वास होता आणि घासणी आत नेऊन तळ खरवडता येईना, कारण तोंड अरुंद. रुंद तोंडाच्या, तापमान कमी-जास्त करायचा खटका असलेल्या 'मल्टी केटल' मिळतात, त्यांत दूध तापवता येतं असं दुकानदार सांगेल. येतं, पण जवळ उभं राहून. मग पातेल्यात काय वाईट होतं?

गॅस संपला तरी चहा व्हावा हा हेतू असेल, तर केटल सोडा आणि इंडक्शन शेगडी बघा. तिच्यावर सपाट बुडाचं, चुंबक चिकटणारं स्टीलचं पातेलं ठेवून नेहमीसारखा दुधाचा चहा होतो, भाजीही होते.

मग केटल घ्या असं का म्हणते? कारण तुमच्या पत्रात चहापेक्षा पाणीच जास्त आहे. तुम्ही लिहिलंय की सकाळी एका बर्नरवर भाकरीचा तवा आणि दुसऱ्यावर आमटी, त्यात सासूबाई पाणी मागतात, मग तवा उतरवून पातेली चढवायची आणि तोवर तवा निवतो, पुढची भाकरी फुगत नाही. पीठ मळलेलं, हात ओला, पोरांच्या बसची वेळ. हा तुमचा खरा प्रश्न आहे. दोन बर्नरच्या घरात पाण्यासाठी तिसरी जागा हवी, एवढाच याचा अर्थ. त्यासाठी तीन बर्नरची शेगडी आणण्यापेक्षा केटल स्वस्त आणि सोपी.

पाण्याखेरीज काय काय निभतं तेही सांगते. गवती चहा आणि आलं कपात ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं आणि झाकून ठेवलं की चांगलं उतरतं. कषायाची, म्हणजे मसाल्याच्या काढ्याची, पूड असेल तर पाणी केटलचं, दूध-गूळ पातेल्यातलं. फिल्टर कॉफी करत असाल तर केटल फारच बरी, कारण फिल्टरात पावडरीवर एकदम गरम पाणी ओतायचं असतं आणि डिकॉक्शन खाली उतरायला तशीही पंधरा-वीस मिनिटं लागतात. ग्रीन टीला मात्र उकळतं पाणी नको, कडू होतो. खटका पडल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून ओता. पाहुणे जास्त आले तर चहाचं पाणी केटलमध्ये उकळून पातेल्यात ओतायचं आणि पुढचं गॅसवर करायचं, म्हणजे तेवढा वेळ वाचतो. रोज असं करायची गरज नाही.

आता तुमच्या यजमानांचं लाईटबिल. त्यांची शंका बरोबर आहे, पण हिशेब मांडला नाहीये. एक लिटर साधं पाणी उकळायला केटल साधारण ०.१ युनिट घेते. म्हणजे दहा लिटर उकळले की एक युनिट. तुमच्या घरी दिवसाला दोन लिटर धरा, महिन्याला सहा युनिट होतात. युनिटला सहा रुपये धरले तर छत्तीस रुपये. गॅसवर तेच एक लिटर पाणी उकळायला दहा-बारा ग्रॅम गॅस जातो, कारण बरीचशी आच पातेल्याच्या कडेनं वर निघून जाते. दिवसाला दोन लिटर म्हणजे महिन्याला सहाशे-सातशे ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर नऊशेच्या घरात धरला तर हे चाळीस-पंचेचाळीस रुपये झाले. तेव्हा केटल घेऊन पैसे वाचतात म्हणणारा आणि बिल फुगतं म्हणणारा, दोघंही उगाच आवाज चढवतात. फरक पाच-दहा रुपयांचा. तुमचा सिलिंडर चाळीस दिवस जात असेल तर दोन-तीन दिवस जास्त जाईल, इतकंच.

पण तुमच्या भावजयीच्या घरात आणि तुमच्या घरात एक मोठा फरक आहे, तो या सहा युनिटांपेक्षा महत्त्वाचा. त्यांचं बिल महाराष्ट्रातल्या महावितरणचं, तुमचं कर्नाटकातल्या हेस्कॉम या वीज कंपनीचं. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती ही घरगुती मोफत विजेची योजना चालू आहे. त्यात तुम्हाला मोफत मिळणारे युनिट म्हणजे सरसकट २०० नव्हेत. २०२२-२३ सालातला तुमच्या घराचा सरासरी वापर आणि त्यावर थोडी ठरलेली वाढ, एवढी तुमची मर्यादा. ती ओलांडली पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडले तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं, सवलत काहीच नाही.

म्हणून यजमानांना सांगा, भांडण्याआधी मागची सहा बिलं काढून जमिनीवर मांडा. तुमचा वापर नव्वद-शंभराच्या आसपास असेल आणि मर्यादेत जागा शिल्लक असेल, तर केटलचे सहा युनिट फुकटात बसतील आणि गॅस तेवढा वाचेल, म्हणजे नफाच. मर्यादेला टेकूनच चालला असाल तर वरच्या सहा युनिटांचे पैसे पडतील, गॅसच्या बरोबरीनं. एकशे पंच्याण्णवला पोचणारं घर असेल तर मात्र त्यांचं म्हणणं खरं, सहा युनिटांपायी आख्खं बिल अंगावर येईल. तशा घरात आधी न्हाणीतला गीझर नाहीतर पाण्यात सोडायचा रॉड बघावा, कारण युनिट तिथं जातात. आंघोळीचं पाणी तुमच्याकडं अजून चुलीवरच्या हंड्यात तापतं असं लिहिलंय, तेव्हा तुम्ही दोनशेच्या जवळपासही नसाल असा माझा अंदाज.

आता जरा कंटाळवाणं, पण गरजेचं. १५०० वॅटची केटल साडेसहा अँपिअर ओढते. आपल्या घरातले पंख्या-दिव्याचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असतात. त्यात चालेल, काही दिवस चालेल, आणि मग एका सकाळी प्लग काढताना हाताला गरम लागेल, प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसेल. १६ अँपिअरचा मोठा पॉवर पॉइंट असेल तर तिथंच लावा. तो स्वयंपाकघरात नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून करून घ्या, तो खर्च केटलच्या किमतीत धरूनच विचार करा. लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड या कामाला नको. टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावून, नाहीतर तिसरी पिन कापून केटल लावलेली मी बेळगावातल्या जुन्या गल्ल्यांतून पाहिलीय. धातूचं भांडं, आत पाणी, पावसाळ्यात ओली फरशी, आणि अर्थिंग नाही! तुमच्या घरात अर्थिंग आहे का हे आधी बघून घ्या. नसेल तर केटलचा विचार तूर्त सोडा.

तुमच्याकडं संध्याकाळी पंप चालू झाले की बल्ब मंदावतात असं लिहिलंय. त्यानं केटल बिघडत नाही, फक्त रेंगाळते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १५०० वॅटची केटल नऊशे वॅटच्या आसपासच काम करते आणि चार मिनिटांचं पाणी साडेसहा मिनिटांवर जातं. चंदगडला पाहिलेला वेग तुमच्याकडं दिसला नाही तर दुकानदाराशी वाद घालायला जाऊ नका. आणि कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही. गॅस आणि चूल दोन्ही जागेवर असू द्या.

केटलच्या जोडीला एक गोष्ट मात्र घ्याच: लिटरभराचा चांगला व्हॅक्यूम फ्लास्क. आधीच असेल तर उत्तम. कारण असं आहे की केटलमध्ये आत एक खालची खूण असते, बहुतेक केटलींत अर्ध्या लिटरच्या आसपास. त्यापेक्षा कमी पाणी घालून चालवू नये. सासूबाईंना लागतं एक भांडं, उकळावं लागतं अर्धा लिटर. उरलेलं निवून जातं, दोन तासांनी पुन्हा तेच. असं दिवसातून सहा वेळा केलं की वरचा माझा हिशेब बिघडला. त्यापेक्षा सकाळी एकदा लिटरभर उकळून फ्लास्कात भरा, दुपारी एकदा. रात्री नऊला भरलेला फ्लास्क पहाटे उघडला तरी पाणी पिण्याजोगं गरम असतं. खरं सांगू? फक्त सासऱ्यांच्या पहाटेच्या तांब्याचा प्रश्न असता तर मी केटल न सांगता नुसता फ्लास्कच सांगितला असता.

घेताना एक किंवा दीड लिटरची, आतून पूर्ण स्टीलची बघा. झाकण आणि तोटी सोडली तर उकळत्या पाण्याला प्लास्टिक लागू नये. स्वस्तातल्या काहींत आतला डबा स्टीलचा पण पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी प्लास्टिकची असते आणि तिच्या फटीतून पुढं पाझर सुटतो. हात आत जाईल इतकं तोंड हवं. तळाला आयएसआयचा शिक्का बघा, बिल पक्कं घ्या. बेळगावात गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात गेलात तर दुकानदाराला सांगून तिथंच पाणी घालून चालवून दाखवायला सांगा. झाकण पक्कं लागतंय का आणि उकळी आल्यावर खटका आपोआप पडतोय का, हे दोनच बघायचं. तो खटका वाफेवर चालतो. पाणी उकळलं की वाफ आतल्या एका नळीतून खटक्यापाशी जाते, तिथली दोन धातूंची चकती तापून वाकते आणि वीज तोडते. म्हणून झाकण उघडं राहिलं तर वाफ वरून निघून जाते आणि केटल उकळतच राहते. घरातल्या सगळ्यांना हे एक सांगून ठेवा. (जाता जाता: बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी शंभराला नाही, साडेसत्त्याण्णवच्या सुमारास उकळतं. खटका वाफेवर असल्यानं त्याला याचं सोयरसुतक नाही.)

नव्या केटलमधलं पहिलं पाणी दोन वेळा उकळून ओतून द्या. तुमच्या भागातलं विहिरीचं पाणी मऊ असतं, तुम्हाला फार त्रास व्हायचा नाही. हेच पत्र अथणी-चिकोडीकडून, बोअरच्या पाण्यावरच्या घरातून आलं असतं तर जास्त लिहिलं असतं. क्षाराचं पाणी उकळलं की तळाला पांढरा खरखरीत थर धरतो. त्यावर उपाय सोपा: अर्धी केटल पाणी, चमचाभर लिंबूसत्व, एक उकळी, अर्धा तास तसंच, मग धुऊन टाकायचं. तारेची घासणी लावायची नाही. आणि आख्खी केटल नळाखाली धरायची नाही, खालच्या जोडणीत पाणी जाता कामा नये.

सासूबाईंकडं येते. "गॅस हाय की" यात नुसता खर्चाचा विरोध नसावा असं मला वाटतं. आजवर गरम पाणी त्यांनी हाक मारली की आलं. आता यंत्र आणून ठेवलं, म्हणजे आपलं काम सुनेला जड झालं, असा अर्थ त्या काढू शकतात. म्हणून केटल तुमच्या सोयीची म्हणून आणू नका, त्यांच्यासाठी म्हणून आणा, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याच हातानं चालू करा. बटन एकच असतं, दिवा लागला की चालू, विझला की झालं. इंग्रजी वाचावं लागत नाही. मात्र भरलेली दीड लिटरची केटल उचलायला दोन किलोच्या वर जाते. त्यांचा हात थरथरत असेल तर उकळून फ्लास्कात ओतण्याचं काम तुम्ही करा, फ्लास्क त्यांच्याजवळ ठेवा. केटल पलंगाशेजारी स्टुलावर कधीही नको. ओट्यावर, भिंतीला लागून, वायर खाली लोंबकळणार नाही अशी. धाकटा अजून सात वर्षांचा आहे म्हणता. उकळत्या पाण्यानं भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, टूथपेस्ट आणि हळद लावायची नाही, आणि भाजलेलं मोठं असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर थेट दवाखाना.

समासातल्या प्रश्नाबद्दल. तुम्ही पावणेपाचला उठून पाणी तापवता आणि पुन्हा पडायला वेळ नसतो, असं पत्राच्या मध्ये कुठंतरी आलंय, तक्रार म्हणून नाही, सहज. यात आळस कुठला? सासरे त्या वेळी उठलेलेच असतात. रात्रीचा भरलेला फ्लास्क ओट्यावर असला तर ते स्वतः ओतून घेतील. त्यांना विचारून बघा. माझा अनुभव असा की असल्या बाबतीत सासरे मंडळींची काही हरकत नसते, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

मुलीसाठी आत्ताच घेऊ नका. बऱ्याच हॉस्टेलांत केटल, इंडक्शन, इस्त्री खोलीत ठेवू देत नाहीत, सापडली तर जप्त करतात. जुन्या वायरिंगवर दहा खोल्यांत दहा केटली लागल्या तर काय होईल, हे वॉर्डनला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा नियमांचा कागद मागून घ्या. चालत असेल तर अर्धा लिटरची लहान, कमी वॅटची मिळते, तीही खोलीतला सॉकेट बघून. चालत नसेल तर मेसमधून गरम पाणी भरून आणायला तिलाही एक फ्लास्क द्या. चोरून न्यायला मात्र तिला तुम्ही शिकवू नका, ते ती आपण होऊन शिकेल.